वंशावळ शोधायची परदेशी वेबसाइट, वर्षभराची मेंबरशिप: घ्यावी का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पाचपैकी तीन स्टार. जुन्या कागदांच्या स्कॅनला साडेचार, लोकांनी तिथं बनवून ठेवलेल्या वंशवृक्षांना एक, आणि पैसे कापायच्या पद्धतीला किती ते खाली वाचा म्हणजे कळेल. साइटचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. सशुल्क आहे, नावाजलेली आहे, एवढं पुरे.

आता पुण्यात बसून मला इंग्रजांची वंशावळ कशाला हवी असं विचाराल, तर आमची लेक अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते, जावई तिकडचाच. आमच्या विहीणबाईंना त्यांच्या आजीच्या आजीचा इतिहास लिहून काढायचा होता. ही बाई इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून अमेरिकेत आली, नवरा खाणकामगार, मुलंबाळं झाली, तिथंच गेली, एवढंच त्यांच्या घरात माहीत. विहीणबाईंना कॉम्प्युटरचा कंटाळा आणि मी बँकेतून रिटायर झालेली, हाताने लिहिलेली लेजरं वाचण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं लेक म्हणाली आई तूच कर, मेंबरशिप मी काढून देते. मी म्हणलं दे, पण पैसे माझे मी भरणार.

भरायला गेले तर कार्डच चालेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडच्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमधे जाऊन ते चालू करावे लागतात आणि लिमिट टाकावं लागतं. काम झालं की परत बंद करा, हे फार महत्त्वाचं आहे, का ते पुढं येईलच. दुसरी गोष्ट, स्वस्तातल्या प्लॅनमधे फक्त अमेरिकेचे कागद दिसतात, इंग्लंडचं काही उघडायला गेलं की वरचा प्लॅन घ्या म्हणून पाटी येते. इंग्लंडमधून अमेरिकेला आलेल्या बाईचं काम अर्ध्या प्लॅनमधे कसं होणार? म्हणजे वरचा घ्यावाच लागतो. हे आधी स्पष्ट लिहायला काय जातं देव जाणे.

असो. आत गेल्यावर पहिलं काय होतं, तर तुम्ही नाव, जन्माचं साल साधारण, गाव टाकलं की साइट लगेच हिरवी पानं का काय ती हलवायला लागते, हे बघा तुमची आजी सापडली, या अमुक जणांच्या झाडात आहे, जोडायची का? नवीन माणूस भुलतोच. आमच्या बाईंसाठी जी झाडं दाखवली त्यातल्या एकात तिच्या थोरल्या मुलाचा जन्म झाला तेव्हा ती स्वतः सात वर्षांची होती, दुसऱ्यात ती ओहायोमधे वारली आणि त्यानंतर विस्कॉन्सिनमधे तिला चार मुलं झाली. आणि हे एकानं केलं की दुसरा कॉपी करतो, तिसरा त्याच्यावरून, मग वीस झाडांत तेच दिसतं आणि लोकांना वाटतं वीस जण म्हणतायत म्हणजे खरंच असणार. कुठल्याही झाडाखाली कागद जोडलेला नसेल तर ते वाचूच नका.

बाईमाणसाचा शोध अवघड का असतो हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर पैसे वाया. ही आमची सगळी लाइन आईकडून आईकडं जाते, विहीणबाई, त्यांची आई, तिची आई, तिची आई आणि मग ही. प्रत्येक पिढीत लग्न झालं की आडनाव बदललं. आपल्याकडचे कुलवृत्तांत आठवा, त्यात निदान घरात आलेल्या सुनेचं माहेर आणि वडिलांचं नाव देतात, पण आपल्या घरची मुलगी कुठं दिली एवढं लिहून तिची शाखा तिथंच संपवतात. तिकडंही फार वेगळं नाही. इंग्लंडमधे १८१३ पासून चर्चमधल्या बाप्तिस्म्याचे छापील रजिस्टर आले, त्यात बापाचा धंदा लिहायला रकाना, आईचं मात्र नुसतं पहिलं नाव, माहेरचं आडनाव नाहीच. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याच्या बापाचं नाव आणि धंदा, नवरीच्या बापाचं नाव आणि धंदा, आणि दोघांच्या आयांची नावं? ती इंग्लंड-वेल्समधे लग्नाच्या नोंदीत यायला लागली ४ मे २०२१ पासून! मी हे दोनदा वाचलं. २०२१.

म्हणून माझं म्हणणं असं की ही साइट घ्यायची तर झाडं बघायला नाही, मूळ कागदाचे फोटो बघायला घ्या, आणि कुठल्या साली कुठल्या सरकारनं बाईला काय विचारलं ते हाताशी ठेवा. सगळी गंमत त्यातच आहे.

आमच्या बाईंचं उदाहरण घेऊन सांगते. १८४१ ची इंग्लंडची जनगणना, ६ जूनच्या रात्रीची. त्यात घरातल्या सगळ्यांची नावं आहेत पण एकमेकांचं नातं लिहिलेलं नाही, आणि पंधराच्या वरच्या लोकांचं वय खाली पाचाच्या पटीत आणून लिहायचं असा नियम, म्हणजे एकोणतीस वर्षाची बाई पंचवीस. साइटचा सर्च हे काही समजावून सांगत नाही, जन्मसाल टाकलं की तो तंतोतंत जुळवत बसतो आणि आईबाप सापडत नाहीत. आमच्या बाईंचं वय मात्र बरोबर लागलं कारण ती तेव्हा तेरा वर्षांची पोर होती. आणि तिच्या नावापुढं काम लिहिलंय, तांब्याची खाण! मी चाटच पडले. मग वाचलं तर कॉर्नवॉलमधे खाणीवर काम करणाऱ्या मुलींना बाल मेडन म्हणायचे, या जमिनीखाली उतरत नसत, वर आलेलं खनिज हातोड्यांनी फोडायचं, निवडायचं, हे काम, ऊनपावसात. बायकांना आणि लहान मुलांना खाणीत खाली उतरवायला बंदी करणारा कायदा १८४२ चा, पण वरचं हातोडीचं काम त्यानंतरही कितीतरी वर्षं बायका करत होत्या.

लग्न १८४८ चं. हा दाखला सशुल्क साइटवर नव्हता, तिथं नुसता इंडेक्स, म्हणजे कुठला जिल्हा, कुठली तिमाही, पान नंबर. दाखला इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून मागवावा लागतो, कागदी प्रत साडेबारा पौंडाला, आपले हजाराच्या वर जातात. पण एक फुकटची गोष्ट सांगते, याच ऑफिसच्या स्वतःच्या साइटवर जन्माचा जो इंडेक्स आहे त्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव दिलंय. जुन्या छापील इंडेक्सात ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच होतं. म्हणजे आईचं आडनाव टाकून एका जोडप्याची सगळी पोरं काढता येतात, जी जगली नाहीत तीसुद्धा. नुसतं लॉगिन करा, शोधायला पैसे नाहीत. आमच्या बाईंची मुलं अमेरिकेत झाली त्यामुळं तिच्यासाठी उपयोग नाही झाला, पण तिच्या धाकट्या भावंडांसाठी झाला आणि त्यातून तिच्या आईचं माहेर सापडलं, जे कुठल्याही झाडात नव्हतं.

दाखल्यावर सहीच्या जागी फुली आहे. नवऱ्याची सही आहे, हिची फुली. आणि धंद्याचा रकाना हिचा कोरा, बहुतेक नवरीमुलींचा कोराच असतो म्हणा.

पुढं अमेरिका. इथं साइटनं सगळ्यात जास्त दिशाभूल केली. जहाजाची यादी दाखवते, न्यूयॉर्कला उतरली, वय जुळतंय, नाव जुळतंय, जोडा. अहो त्या नावाच्या बायका तेव्हा गल्लोगल्ली होत्या, आणि यादीतली बाई एकटी, मोलकरीण म्हणून. विहीणबाईंकडं एक जुनं कात्रण होतं मृत्यूलेखाचं, त्यात लिहिलेलं की कॅनडातल्या क्वेबेकवरून आली. कॉर्नवॉलच्या उत्तरेला पॅडस्टो म्हणून बंदर आहे, तिथून तेव्हा लाकूड आणायला क्वेबेकला जाणारी जहाजं जाताना माणसं भरून न्यायची, त्यामुळं हे पटण्यासारखं आहे. पण मग यादी मिळणार का? तर नाही मिळणार. इंग्लंडमधून निघालेल्यांच्या याद्या १८९० पासूनच्याच टिकल्यात, क्वेबेकला उतरणाऱ्यांच्या १८६५ पासूनच्या, आणि कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्यांची सीमेवर नोंद करायला लागले १८९५ ला. या तिन्हींच्या आधी आमची बाई येऊन गेलेली. म्हणजे तिच्या प्रवासाचा कागद नाहीच, आणि ही गोष्ट साइट तुम्हाला कधीही सांगणार नाही, ती पानं हलवत राहणार. तिला बिचारीला विकायचंय.

आणि एलिस आयलंड एलिस आयलंड जे सगळे म्हणतात, म्हणजे न्यूयॉर्कला बाहेरून येणाऱ्यांना तपासून आत घ्यायची जागा, ते १ जानेवारी १८९२ ला उघडलं. त्याच्या आधी न्यूयॉर्कला कॅसल गार्डन होतं १८५५ पासून. १८४९ च्या सुमाराची बाई एलिस आयलंडला उतरलेली दाखवणारं झाड दिसलं तर समजून जा.

ती जिथं पोचली ते मिनरल पॉइंट. दक्षिण-पश्चिम विस्कॉन्सिनमधे, शिशाच्या खाणींचा भाग, १८३० च्या दशकापासून कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथं यायला लागले. त्यांनी बांधलेली दगडी घरं अजून आहेत, १९३५ पासून दोघा जणांनी ती डागडुजी करून जपायला सुरुवात केली, पेंडार्विस म्हणतात त्या जागेला, आता म्युझियम आहे. तिथं एका रस्त्याचं नाव शेक रॅग, असं सांगतात की जेवण झालं की घरातल्या बायका दारात उभं राहून फडकं हलवायच्या आणि समोरच्या टेकडीवरचे पुरुष काम सोडून यायचे. खरं खोटं माहीत नाही पण लेक बघून आली आणि तिथं पेस्टी खाऊन आली, ती म्हणजे मांस-बटाटा भरलेली भली मोठी करंजी, फोटो पाठवला तेव्हा मी म्हणलं दिवाळीला येतेस का.

१८५० ची अमेरिकन जनगणना ही पहिली ज्यात घरातल्या सगळ्या स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसांची नावं लिहिली, त्याआधी फक्त घरमालकाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. त्यात आमची बाई सापडली, कडेवर वर्षाच्या आतलं मूल, दुसऱ्याच एका कॉर्निश कुटुंबाच्या घरात, आणि नवरा नाही. एका झाडात यावरून नवऱ्याला मारून टाकलंय. अरे बाबांनो १८४९ ला कॅलिफोर्नियात सोनं शोधायला मिनरल पॉइंटमधून माणसं लोंढ्यानं गेली, हा पण गेला असणार, कारण १८६० ला तो परत घरात आहे आणि मधे मुलं झालेली आहेत. मी हे "गेला असणार" असंच लिहून दिलं विहीणबाईंना, "गेला" असं नाही. त्यांना ते आवडलं.

आता तिच्या कामाचा रकाना बघा. १८५० ला धंदा फक्त पंधराच्या वरच्या पुरुषांचा विचारायचा असा नियम, म्हणून कोरा. १८६० पासून बायकांचाही विचारायला लागले, तिचा तरी कोराच. १८७० आणि १८८० ला लिहिलंय घर सांभाळते. तेरा वर्षाची असताना खनिज फोडत होती हे आयुष्यात एकदाच लागलं कागदाला, बास. १८८० पासून मात्र नातं लिहायला लागले, आणि आईबाप कुठं जन्मले तेही, त्यामुळं ते पान महत्त्वाचं. १८९० शोधूच नका, वॉशिंग्टनला १९२१ ला आग लागली त्यात आणि पाण्यात जवळपास सगळी गेली. साइटवर १८९० चा ऑप्शन दिसतो, आत फारसं काही नाही.

आणि मग १९००. हे पान उघडलं तेव्हा मी चहा ठेवलेला गॅसवर, उतू गेला. १९०० च्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्माचा महिना आणि साल आहे, कुठल्या साली देशात आली ते आहे, आणि बायकांसाठी दोन रकाने आहेत, किती मुलांची आई आणि त्यातली किती हयात. आमची बाई तेव्हा विधवा, लेकीच्या घरी राहतीये, नात्याच्या रकान्यात घरमालकाची सासू. नऊ मुलं, पाच हयात. घरात सगळ्यांना सहाच माहीत होती. बाकीची तीन कुठं गेली ते शोधायला मग स्मशानभूमीच्या फोटोंची फुकट साइट आहे, स्वयंसेवक दगडांचे फोटो टाकतात, तिथं दोन लहान दगड सापडले एकाच आठवड्यातले, साथ असणार कसलीतरी. तिसरं नाही सापडलं. विस्कॉन्सिनमधे जन्ममृत्यूची सक्तीची नोंद राज्यभर बसली १९०७ च्या ऑक्टोबरपासून, त्याआधी कुणी केली तर केली. हे पान मी विहीणबाईंना ईमेल नाही केलं, लेकीला सांगितलं की व्हिडिओ कॉल लावून त्यांच्याबरोबर बसून उघड. मुलं गेलेल्या बाईचा कागद आहे तो, असा सकाळी इनबॉक्समधे कशाला टाकायचा.

नागरिकत्वाचे कागद पण साइट शोधायला सांगते. बायकांचे शोधू नका. १८५५ च्या कायद्यानं नवरा नागरिक झाला की बायको आपोआप झाली, वेगळा अर्ज नाही, कागद नाही. हे १९२२ पर्यंत असंच चाललं.

आता फुकटवाले. फॅमिलीसर्च ही मॉर्मन चर्चची साइट, एक पैसा नाही, नुसतं अकाउंट काढायचं. वरच्या अमेरिकन जनगणनांची पानं शोधायची सोय तिथंही आहे. आणि त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो काढून ठेवलेत, हे कळल्यावर मला जरा अभिमानच वाटला. तिथं आता हस्ताक्षर मशीनकडून वाचून घेऊन जमिनीच्या जुन्या खतांमधला शब्दन् शब्द शोधता येतो, इंडेक्समधे नाव नसलं तरी. आमची बाई त्यात सापडली. नवऱ्यानं जमीन विकली तेव्हा बायकोचा त्या जमिनीवर विधवा झाल्यावरचा हक्क असायचा तो तिनं सोडला असं लिहून घ्यावं लागायचं, आणि अधिकाऱ्यानं तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं की बाई तू हे राजीखुशीनं करतीयेस ना. खाली फुली. माझ्या मते अख्ख्या शोधातला हा एकच कागद जिथं तिला कुणी काही विचारलं. कॉर्नवॉलसाठी तिथल्या स्वयंसेवकांचा पॅरिश क्लार्क म्हणून फुकट डेटाबेस आहे, तो सशुल्क साइटपेक्षा चांगला निघाला, आडनावांची वाचनं बरोबर आहेत. तिकडं ट्रे, पोल, पेन असल्या सुरुवातीची आडनावं भरपूर, सशुल्क साइटवाल्यांनी ती वाटेल तशी वाचलीयेत. ही मंडळी बरीचशी मेथडिस्ट, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती पंथाची होती हेही लक्षात ठेवा, लग्न १८३७ च्या आधी झालं असेल तर सरकारी चर्चमधेच सापडेल पण बाप्तिस्मा मेथडिस्ट रजिस्टरमधे. आणि जुनी अमेरिकन वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट.

डीएनए किटची जाहिरात पण सतत येते. जावयानं केलं, काही विशेष निघालं नाही. विहीणबाईंनी केलं तर जास्त उपयोग, एक पिढी जवळ, तरी या बाईंचा वाटा सरासरी सव्वासहा टक्के.

मग पैसे कुठं वसूल झाले? सशुल्क साइटचे स्कॅन खरंच स्वच्छ आहेत, मोठं करून वाचता येतात, आणि एका घराच्या शेजारची पानं पटापट उलटता येतात. शेजारीपाजारी बघणं फार कामाचं, मिनरल पॉइंटला तिच्या आजूबाजूची चार घरं कॉर्नवॉलमधल्या तिच्याच गावची निघाली. इंग्लंडचे आणि अमेरिकेचे कागद एका जागी दिसतात हाही फायदा. मोबाइल ॲप मात्र निव्वळ टाइमपास, कॉम्प्युटरवरच करा.

आता पैसे कापण्याचं. मेंबरशिप आपोआप रिन्यू होते. बंद करायचं बटण तीन पानं आत, प्रत्येक पानावर "नक्की का?" आणि सवलत. चॅटवर विचारलं तर फोन करा म्हणे, त्यांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं झोपायची वेळ. कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद केलेले होते म्हणून वाचले, पैसे गेले नाहीत, नुसते "तुमचं पेमेंट अडकलंय" असे ईमेल येत राहिले रोज.

म्हणून सल्ला असा की आधी सगळं फुकटचं उरका, काय सापडलं काय नाही ते वहीत लिहा, आणि मग एकाच महिन्याचा वरचा प्लॅन घेऊन त्या महिन्यात बसून सगळी पानं डाउनलोड करून ठेवा, कारण मेंबरशिप संपली की तुम्हीच जोडलेले कागद तुम्हाला उघडत नाहीत. वर्षाचा घेऊ नका. मी सगळं छापून अप्पा बळवंत चौकातल्या एका बाइंडरकडून बांधून घेतलं, कापडी बांधणी, उत्तम काम केलंय, किंमतही वाजवी, त्यांना पाच स्टार.

आणि ज्यांना आपलं मराठी घराणं शोधायचंय त्यांनी या साइटच्या वाटेला जाऊ नका. आमचं आडनाव टाकून बघितलं तर पुणे कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांचे बाप्तिस्मे दाखवत होती. त्यापेक्षा घराण्याचा कुलवृत्तांत कुणाकडं असेल तर मागून आणा, नाहीतर त्र्यंबकेश्वरला आपल्या उपाध्यायांकडं जाऊन नामावळी बघा.